रस्ता रुंद झाला, भाडेकरू कुठे गेला?

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गाला मी ‘सुधारणा’ हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. उर्दू माध्यमाची मुलं, मराठीचा तास. एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या इमारतीची सुधारणा होणार आहे म्हणून आम्ही मुंब्र्याला राहायला जाणार.’ वाक्यात एकही चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मुंबईत या शब्दाचा हाच अर्थ सव्वाशे वर्षांपूर्वीही होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पाहता पाहता शहर रिकामं होऊ लागलं. सरकारी पथकं घरोघर शिरून रुग्ण शोधू लागली, माणसं उचलून इस्पितळात नेऊ लागली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याजवळ रिपन रोडवर जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून ठिणगी पडली आणि दंगल उसळली. लोकांना इलाज नको होता असं नाही. घरातल्या बायकांवर परक्यांनी हात टाकावा, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्याच वर्षी सरकारने कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवी जमीन वसवायची, गरिबांसाठी चाळी बांधायच्या, ही त्याची कामं. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड या सुरुवातीच्या योजना. आपण रमजानमध्ये जिथे मालपुवा खायला जातो, तो मोहम्मद अली रोडही याच ट्रस्टने काढला.

आता पैसा कुठून आला ते पाहू. सरकार आणि म्युनिसिपालिटीने आपल्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या हवाली केल्या. म्युनिसिपालिटी आपल्या करांच्या उत्पन्नातून दरवर्षी ठराविक हिस्सा देई. बाकी रक्कम कर्जरोखे काढून उभी केली जाई. कर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि ते फेडायला जमिनीतून उत्पन्न हवं. म्हणून ट्रस्टला असे भूखंड हवे होते ज्यांचं भाडं चांगलं येईल. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत अशीच उभी राहिली. तिथले भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले आणि मुख्यतः मध्यमवर्ग तिथे राहायला आला. डोंगरी-नागपाड्यातल्या खोलीतून उठवलेल्या हमालाला ते भाडं परवडणारं नव्हतं, आणि त्याचं काम तर गोदीत.

जागा ताब्यात घेताना भरपाई मिळे ती मालकाला, आणि इमारतीची किंमत बहुतेक वेळा तिच्या भाड्यावरून ठरे. म्हणजे जितकी माणसं कोंबलेली, तितकी किंमत जास्त. ज्या गर्दीमुळे वस्ती पाडायची, तिचाच मोबदला मालकाला मिळत होता. भाडेकरू मात्र बोचकं उचलून शेजारच्या गल्लीत जाई आणि तिथली गर्दी आणखी वाढे. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधून झाल्या नाहीत.

आखणीमागची समजूतही अपुरी होती. कोंदट हवेने रोग पसरतो असं मानलं जाई, म्हणून समुद्राचा वारा शहरात खेळावा या हेतूने पश्चिमेकडून रस्ते काढले. त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे शोधलं. ते सर्वांच्या गळी उतरायला पुढे बरीच वर्षं गेली.

ट्रस्टने काही चांगलं केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. त्याच्या ‘बीआयटी चाळी’ आजही उभ्या आहेत. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. रुंद रस्ते, सांडपाण्याची सोय, मोकळी मैदानं शहराला हवीच होती. १९३३ मध्ये ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला, पण त्याचा हिशेब मागे राहिला: शहर सुधारायचं ते जमिनीच्या किमतीवर पैसा उभा करून. आजचा पुनर्विकासही याच हिशेबावर चालतो. वरचे मजले विकून खालच्यांना घर द्यायचं. म्हणून ज्या जागेला भाव आहे तिथे इमारती झपाट्याने उठतात आणि जिथे नाही तिथली माणसं टेकू लावून राहतात.

एक फरक मात्र आहे. आज भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. पण हक्क कागदावर वाचावा लागतो. त्या मुलीचे अब्बा करारनाम्याची प्रत घेऊन माझ्याकडे आले, कारण तो मराठीत होता. दोघांनी बसून सगळा वाचला. नव्या घराचं क्षेत्रफळ होतं, तात्पुरतं भाडं होतं. परत कधी यायचं, ती तारीख नव्हती. मी म्हटलं, “भाईजान, तारीख लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. भाड्याच्या जुन्या पावत्याही जपून ठेवा.”

इमारतीतले आणखी चौघे पुढच्या रविवारी येणार आहेत. मराठीचा तास आता मोठ्यांसाठीही घ्यावा लागणार.