राउटरची कमांड लाइन : सिस्को आयओएस म्हणजे काय आणि ते कसे चालते?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम एकदमच बंद पडले. अनेकांनी मोबाईल बंद-चालू करून पाहिला, काहींनी घरातल्या वायफायला दोष दिला. खरे कारण वेगळेच होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारे मुख्य जाळेच तुटले होते. अशी चूक अडवणारी तपासणी यंत्रणा होती, पण तिच्यातच दोष असल्याने ती कमांड थांबली नाही. दुरून दुरुस्ती करण्याचा मार्गही बंद झाल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.

राउटरला अशा कमांड दिल्या कशा जातात? शिकणाऱ्यांना बहुतेकदा सर्वात आधी भेटणाऱ्या सिस्को आयओएसच्या आधारे ते समजून घेऊ.

राउटरलाही ऑपरेटिंग सिस्टीम असते

राउटरचे काम टपाल खात्यातल्या वर्गीकरणासारखे असते. आलेल्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता पाहायचा, आपल्याकडचा मार्गांचा तक्ता तपासायचा आणि पॅकेट योग्य दिशेला सोडायचे. हे काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम.

सिस्को ही कंपनी १९८४ मध्ये लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी अमेरिकेत स्थापन केली. तिच्या सिस्टीमचे नाव आयओएस, म्हणजे ‘इंटरनेटवर्क ऑपरेटिंग सिस्टीम’. आयफोनमधल्या आयओएसशी तिचा काही संबंध नाही. हे नाव सिस्कोकडे आधीपासून होते. अॅपलने २०१० मध्ये ते वापरण्याचा परवाना सिस्कोकडून घेतला.

राउटरची चार प्रकारची मेमरी

- रॉम : राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम इथे असतो.
- फ्लॅश : आयओएसची मूळ फाईल इथे साठवलेली असते.
- एनव्हीरॅम : जतन केलेली सेटिंग इथे असते. तिला ‘स्टार्टअप कॉन्फिग’ म्हणतात. वीज गेली तरी ती टिकते.
- रॅम : चालू असलेली सेटिंग, म्हणजे ‘रनिंग कॉन्फिग’, इथे असते. वीज गेली की ती पुसली जाते.

शेवटच्या दोन मेमरींतला फरक पक्का लक्षात ठेवावा. नवशिक्यांच्या अनेक चुका इथेच होतात.

राउटरशी बोलायचे कसे?

नव्या राउटरला लॅपटॉप कन्सोल केबलने जोडतात. जोडणीचा नेहमीचा वेग ९६०० असतो. नंतर दुरून काम करायचे असेल तर एसएसएच वापरतात. टेलनेट हा जुना मार्ग टाळावा, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो.

स्क्रीनवर ना चित्रे दिसतात, ना बटणे. असते फक्त एक ओळ. त्या ओळीच्या शेवटचे चिन्ह पाहून आपण कोणत्या पातळीवर आहोत ते कळते :

- राउटर> : साधी पातळी. मोजकी माहिती पाहता येते.
- राउटर# : अधिकाराची पातळी. ‘एनेबल’ लिहिल्यावर इथे पोहोचता येते.
- राउटर(कॉन्फिग)# : ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहिल्यावर येणारी पातळी. बदल इथून होतात.
- राउटर(कॉन्फिग-इफ)# : एखाद्या ठरावीक पोर्टची सेटिंग करण्याची पातळी.

मागे येण्यासाठी ‘एक्झिट’ आणि थेट अधिकाराच्या पातळीवर येण्यासाठी ‘एंड’ लिहितात.

पोर्टला पत्ता देण्याचे उदाहरण

कमांड रोमन लिपीत टाईप करतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. एनेबल
२. कॉन्फिगर टर्मिनल
३. इंटरफेस गिगाबिट-इथरनेट ०/०
४. आयपी अॅड्रेस १९२.१६८.१.१ २५५.२५५.२५५.०
५. नो शटडाउन
६. एंड

पाचवी पायरी विसरू नये. सिस्को राउटरचे पोर्ट सहसा सुरुवातीला बंद असतात, त्यामुळे पत्ता बरोबर असूनही काही चालत नाही. ‘नो’ हा शब्द दिलेली कमांड उलटवतो : ‘शटडाउन’ने पोर्ट बंद होते, तर ‘नो शटडाउन’ने सुरू होते. शेवटी ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ लिहून सगळ्या पोर्टची स्थिती पाहावी.

सगळ्या कमांड पाठ करण्याची गरज नसते. कुठेही प्रश्नचिन्ह टाईप केले की पुढे काय लिहिता येईल याची यादी मिळते. टॅब दाबल्यास अर्धा शब्द पूर्ण होतो. वरचा बाण दाबल्यास मागची कमांड परत येते.

जतन कधी करावे?

आयओएसमध्ये एंटर दाबताच बदल लागू होतो. ‘खात्री आहे का?’ असे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मात्र तो बदल रॅममध्येच असतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड दिली तरच तो कायम होतो. ती विसरली तर वीज गेल्यावर सगळी मेहनत वाया जाते.

पण हीच गोष्ट संकटात वाचवतेही. दुरून काम करताना चुकीच्या कमांडमुळे आपलीच जोडणी तुटू शकते. म्हणून जाणकार आधी चालू सेटिंग जतन करतात आणि मग ‘रीलोड इन १०’ लिहितात. याचा अर्थ, दहा मिनिटांनी राउटर पुन्हा सुरू होईल. जोडणी तुटली तर राउटर जुन्या सेटिंगसह परत येतो. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ लिहून नवा बदल जतन करतात. ज्युनिपर कंपनीच्या राउटरमध्ये मात्र ‘कमिट’ म्हटल्याशिवाय बदल लागूच होत नाही.

सुरक्षेचे भान

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सई या आवृत्तीच्या वेब पॅनेलमधली गंभीर त्रुटी उघड झाली. तिला १० पैकी १० इतका धोक्याचा गुण मिळाला. तिच्या आधारे हल्लेखोर पासवर्डशिवाय स्वतःसाठी सर्वोच्च अधिकाराचे खाते तयार करू शकत होते. त्यामुळे गरज नसेल तर वेब पॅनेल बंद ठेवणे, अपडेट वेळेवर करणे आणि ‘एनेबल सीक्रेट’ने पासवर्ड लावणे ही किमान काळजी आहे.

सराव करण्यासाठी महागडा राउटर विकत घेण्याची गरज नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. चुका तिथे मनसोक्त कराव्यात, कारण त्या चुकांनी कोणाचेही इंटरनेट बंद पडत नाही.