डोक्यावर टिपलेला ठेका

हट्टा-वसमतकडचा फिटचा पेशंट नांदेडला दाखवायला नेला, की डॉक्टर बहुधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, लिहून देतात. डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवतात. टेक्निशियन म्हणतो, "डोळे मिटा. आता उघडा." मिटले की डोक्याच्या मागच्या तारांवर सेकंदाला ८ ते १३ लाटांचा संथ ठेका उमटतो, उघडले की विरतो.

हा ठेका माणसात पहिल्यांदा टिपला तो हान्स बर्गरने. जर्मनीतल्या येना शहरातला हा मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर घरी बहिणीचा जीव खालीवर झाला. तिच्या सांगण्यावरून वडिलांनी चौकशीची तार केली. आपली भीती तिच्यापर्यंत पोचली कशी? बर्गरने मेंदूतली ऊर्जा मोजायचा ध्यास घेतला तो या प्रश्नापायी.

लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्येच सशा-माकडांच्या उघड्या मेंदूवर वीज मोजली होती. माणसाच्या बाबतीत मात्र कवटी आड येई. ६ जुलै १९२४ रोजी बर्गरला, शस्त्रक्रियेमुळे कवटीत भोक राहिलेल्या १७ वर्षांच्या मुलावर पहिली नोंद मिळाली. पुढे त्याने पोटचा मुलगा क्लाउसही प्रयोगाला बसवला. लेख छापला १९२९ मध्ये, आणि कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियनने तोच ठेका दाखवला, तेव्हा कुठे लोकांना पटलं. वर्षभरातच अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, एका प्रकारातल्या, सेकंदाला तीन अशा टोकदार लाटा ओळखल्या. शोधायला निघाले मन, हाती लागला आजार!

मन वाचण्याचा हव्यास तरी सुटलेला नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्ध ग्राह्य धरला. त्याच वर्षी निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना त्या करायला मनाई केली. बरंच झालं.

फिटसाठी मात्र ही तपासणी टाळू नका. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरून निदान होत नाही. ईईजीत शॉक देत नाहीत, यंत्र फक्त टिपतं. जाताना डोकं धुऊन जा, तेल लावू नका, आणि चालू गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.