ऑरगॅनिककडे वळा, मालमत्ता कर परत मिळवा: वुडबरी काउंटीची योजना काय होती?

अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं एकक. आयोवा राज्यातल्या वुडबरी काउंटीची लोकसंख्या सुमारे १ लाख ६ हजार आहे आणि त्यातले बहुतेक लोक सू सिटी या एकाच शहरात राहतात. शहराबाहेर मात्र मका आणि सोयाबीनची शेतं आहेत. या काउंटीने २००५ मध्ये ऑरगॅनिक शेतीसाठी थेट करसवलत जाहीर केली.

अडचण कुठे होती?

अमेरिकेच्या नियमांनुसार, जमिनीवर ३६ महिने बंदी असलेली रासायनिक खतं किंवा कीटकनाशकं वापरलेली नसतील, तरच पिकावर 'ऑरगॅनिक' असा शिक्का मारता येतो. म्हणजे पहिली तीन वर्षं शेतकऱ्याला कष्ट आणि खर्च ऑरगॅनिकचा करावा लागतो, पण भाव मिळतो साध्या मालाचा. अनेक जण याच टप्प्यावर माघार घेतात.

काउंटीने काय दिलं?

- रासायनिक शेती सोडून ऑरगॅनिककडे वळणाऱ्या जमिनीचा मालमत्ता कर पाच वर्षं परत.
- या सवलतीसाठी काउंटीची एकूण मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर.
- अट: अधिकृत ऑरगॅनिक प्रमाणपत्र मिळवायचं.

फक्त सवलत पुरते का?

माल पिकला, तरी तो घेणार कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणून जानेवारी २००६ मध्ये काउंटीने दुसरं धोरण आणलं. तुरुंगासारख्या ज्या सरकारी ठिकाणी रोज जेवण बनतं, तिथे स्थानिक ऑरगॅनिक माल उपलब्ध असेल तर तोच घ्यायचा. 'स्थानिक' म्हणजे सू सिटीतल्या काउंटी कोर्टापासून १०० मैलांच्या आत पिकलेला. असं बंधन घालणारी ही अमेरिकेतली पहिली काउंटी मानली जाते.

थोडक्यात, एका धोरणाने शेतकऱ्याचा खर्च हलका केला आणि दुसऱ्याने त्याला गिऱ्हाईक दिलं.

प्रक्रिया उद्योगांचं काय?

पिठाची गिरणी, पॅकिंग किंवा मसाल्याचा व्यवसाय असेल, तर त्यालाही वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी काउंटी नव्हे, तर केंद्र सरकारची योजना आहे. २०२३ मध्ये तिच्यातून प्रमाणपत्राच्या खर्चाचे ७५ टक्के, प्रत्येक प्रकारासाठी जास्तीत जास्त ७५० डॉलर परत मिळत होते. वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंतच ऑरगॅनिक विक्री असेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण नियम पाळावेच लागतात.

मर्यादा कोणत्या?

मालमत्ता कर भरतो जमिनीचा मालक. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन मात्र खंडाने कसली जाते. त्यामुळे करसवलतीचा फायदा कसणाऱ्यापर्यंत पोहोचायचा, तर मालकाशी तसा करार हवा. दुसरं म्हणजे ५० हजार डॉलर ही रक्कम अख्ख्या काउंटीसाठी होती. मोठ्या संख्येने शेतकरी पुढे आले असते, तर ती पुरली नसती.

तरीही स्थानिक सरकारांसाठी यात एक सोपा धडा आहे. अनुदानाला मोठी तिजोरीच लागते असं नाही. हातात असलेला कर आणि रोजची खरेदी, या दोन गोष्टींनीही सुरुवात करता येते.