शिकणारी चेटकीण

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी नात नागापूरला आली ती एक इंग्रजी कादंबरी घेऊनच. फराळाच्या ताटापुढेही ती हातातून सुटेना. गोष्ट एका नवख्या चेटकिणीची. मंत्र म्हणायला जावे तर भलतेच घडते. तरी मांजर आणि मावशी यांच्या मदतीने पोरगी गावातल्या खुनाचा छडा लावते. पुस्तक मिटून नात म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे अशी शिकणारी चेटकीण का हो नाही?"

मी इतिहासाचा मास्तर. प्रश्न डोक्यातून जाईना.

जादू शिकण्याची कथा आपल्याकडे नाही, असे मात्र नाही. धुंडिसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, 'नवनाथ भक्तिसार' पुरा केला. त्याचे चाळीस अध्याय आमच्या नगर जिल्ह्यात श्रावणात घरोघर वाचले जातात. कानिफनाथांची मढी इथून फार दूर नाही. त्यात मच्छिंद्र सप्तशृंगीच्या देवीच्या साहाय्याने साबरी विद्या मिळवतो. गोरक्ष शिकतो, चुकतो, पुन्हा शिकतो. पण हे सारे पुरुष! विद्या पुरुषाने मिळवली की तो नाथ. तीच बाईपाशी असेल, तर ते चेटूक. ती केव्हा शिकली, कोणाकडून शिकली, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

पेशवाईतल्या कागदांत या बाया भेटतात, पण आरोपी म्हणून. 'भुते घातली' अशा फिर्यादी होत, सरकारातून चौकशी होई, दंड बसे. साहेबाच्या देशांतही निराळे नव्हते. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ साली एकोणीस माणसांना या आरोपावरून फाशी दिले. आज त्याच गावात लोक चेटकिणींच्या बाहुल्या विकत घ्यायला जातात!

आपली चेटकीण माणसाळली ती रंगभूमीवर. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगमंचावर आणले आणि त्यातली चेटकीण स्वतःच केली. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण झाले. २०१८ साली ते नाटक नव्याने आले, तेव्हा वैभव मांगले यांची चिंची पाहायला मी याच नातीला घेऊन गेलो होतो. पोरे आधी किंचाळली, मग तिच्याशीच हुज्जत घालू लागली. ज्या नावाने अंगावर काटा यायचा, त्याच नावाला टाळ्या!

नाटकगृहाबाहेर मात्र तो शब्द तसाच राहिला. सातपुड्यातल्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवून बायकांना छळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला छळणे आता गुन्हा आहे.

माझ्या लहानपणी तो नव्हता. सीनेकडे उतरणाऱ्या वाटेवर तेव्हा एक म्हातारी एकटी राहत असे. ताप, उसण, पोटदुखी, सगळ्यांवर तिच्याजवळ पाला असे. बायका दिवसा तिच्याकडून औषध नेत आणि दिवेलागणीला त्याच दारावरून जाताना मुलांना पदराआड घेत. मी आठ वर्षांचा असताना तापाने फणफणलो. आईने खोदून खोदून विचारले, तेव्हा काहीतरी सांगायचे म्हणून मी म्हणालो, "म्हातारीने माझ्याकडे रोखून पाहिले." तिने पाहिले नव्हते. पण आळीतल्या बायका तिच्याकडे जाईनाशा झाल्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती घर सोडून कुठेशी निघून गेली.

नातीला हे सारे मी सांगितले. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने विचारले, "तिला पाल्याचे ते सगळे शिकवले कोणी?"

ते मी तिला कधी विचारलेच नव्हते.