ठेकेदारावरची नजर: खोडदच्या दुर्बिणीचा एक दुर्लक्षित धडा

जीएमआरटी या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा इतिहास सांगताना आपण बहुधा डिशांपाशीच थांबतो. पुण्याच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळ, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यांपैकी 14 मधल्या चौकोनात आणि 16 तीन फाट्यांवर पसरलेल्या. दुर्बिणीचे शिल्पकार, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी सुचवलेल्या रचनेत नळ्यांच्या चौकटींवर पोलादी दोर ताणून बारीक तारेची जाळी बसवायची होती. वारा आरपार जाणारी ही डिश स्वस्तात उभी राहिली, आणि कौतुकाचा ओघही तिकडेच गेला. दुर्बिणीचे ऐकण्याचे काम मात्र जाळी करत नाही. ते फीड (डिशने गोळा केलेला संकेत पकडणारा भाग), ॲम्प्लिफायर आणि त्यांच्या मागची सगळी रिसिव्हर यंत्रणा करते. ही यंत्रणा कोणी बनवली, कोणाच्या देखरेखीखाली बनवली आणि ते काम बाजारात का दिले नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. माझ्या मते जीएमआरटीच्या यशाचे एक मोठे कारण याच वाटणीत आहे. जे काम स्वतःला मापता येत होते ते तिने बाहेर दिले. ज्याचे माप काढायला ते बनवण्याचीच विद्या लागते, ते घरात किंवा भावकीतल्या संस्थांत ठेवले.

पोलादाचे काम तपासायला सोपे नाही, पण ते तपासता येते. दुर्बिणीचा सर्वांत वरचा पट्टा 1420 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर 21 सेंटीमीटरची. तरंगलांबीच्या सोळाव्या भागापर्यंतची चूक खपवून घ्यायची म्हटली, तर जाळीचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून सेंटीमीटरभर हलला तरी चालते. एवढी चूक थिओडोलाइट लावून पाहता येते. त्यामुळे डिशच्या तपशीलवार आराखड्यासाठी टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि उभारणीसाठी ठेकेदार, ही व्यवस्था निभावली. नकाशा हातात असला, मोजपट्टी दोघांना मान्य असली, की बिल पास करायचे की अडवायचे हे ठरवता येते. डिश फिरवणारी सर्व्हो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने केली, तर 1420 मेगाहर्ट्झचे फीड बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने. ही दोन कामे बाहेर गेली खरी, पण ठेकेदाराकडे नव्हे. तिथे समोर बसलेला माणूसही मापनशास्त्रातलाच होता.

रिसिव्हरची गोष्ट निराळी. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट थोडा वाढला तरी तो बुडून जातो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. पेटी सुबक असते, जोडण्या घट्ट असतात आणि कागदावरचे आकडेही बरोबर असतात. खरी परीक्षा दोनच ठिकाणी होते: प्रयोगशाळेत गरम आणि थंड भाराची तुलना करताना, आणि डिश शर्मिष्ठेतल्या कॅसिओपिया ए सारख्या ठाऊक असलेल्या तेजस्वी स्रोताकडे वळवल्यावर. या दोन्ही परीक्षा ज्याला घेता येतात, त्याला तो ॲम्प्लिफायर बनवताही बहुधा येतो. अशा कामावर देखरेख करण्याची पात्रता आणि ते काम करण्याची पात्रता जवळजवळ एकच असते. ही पात्रता स्वरूप यांच्या गटाने आधीच मिळवली होती. ऑस्ट्रेलियातून भेट आलेल्या 32 छोट्या डिशा 1965 मध्ये कल्याणला बसवून, आणि पुढे 1970 मध्ये उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण सुरू करून. पुणे विद्यापीठाच्या आवारातून जीएमआरटी चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राला हा वारसा मिळाला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: सगळे घरात करण्याच्या हट्टाने वेळ गेला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर मांडलेली कल्पना प्रत्यक्षात उतरून जगभरच्या वैज्ञानिकांसाठी अर्पण झाली ती ऑक्टोबर 2001 मध्ये, रतन टाटांच्या हस्ते. पण बाजारात काय मिळत होते, तेही पाहावे. डिशमागे दोन ध्रुवीकरणे धरली तर प्रत्येक पट्ट्याला साठ ॲम्प्लिफायर लागतात. कारखान्याला ही संख्या फार कमी, प्रयोगशाळेला फार जास्त. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात इतक्या थोड्या मालासाठी कोणता उद्योजक नवी विद्या शिकला असता? शिवाय घरच्यांनी परदेशी विद्येला दार बंद केले नव्हते. पहिला कोरिलेटर, म्हणजे सगळ्या डिशांचे संकेत एकमेकांशी जुळवणारे यंत्र, अमेरिकेतल्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणींच्या प्रकल्पासाठी घडवलेल्या चिप वापरून पुण्याच्या अभियंत्यांनी बांधला. चिप बाहेरची, जुळणी आणि जबाबदारी आपली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ठेकेदारावर संस्था नजर ठेवते, पण संस्था स्वतःच बनवणारी झाली की तिच्यावर नजर कोणाची? हा धोका खोटा नाही. मूळ आराखड्यातला 50 मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वसाधारण निरीक्षकांना वापरायला मिळाला नाही, आणि तेवढ्यासाठी दंड आकारायला समोर कोणी ठेकेदार नव्हता. तरीही ऑडिटपेक्षा कडक परीक्षक इथे होता, तो म्हणजे वापरकर्ता. देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करून निरीक्षणाची वेळ मिळवतात. एखाद्या डिशचा रिसिव्हर बिघडला तर त्यांच्या प्रतिमेत तो दिसतोच, आणि तक्रार थेट बनवणाऱ्याच्या टेबलावर येते. एकदा माल पोहोचवून मोकळ्या झालेल्या पुरवठादाराला ही रोजची परीक्षा द्यावी लागत नाही.

या वाटणीचा खरा लाभ पुढच्या पिढीला झाला. पुण्याच्या केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ यशवंत गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली त्याच डिशांवर नवे फीड, नवे रिसिव्हर आणि जीपीयूवर चालणारी नवी संगणन यंत्रणा बसली. एका वेळी ऐकता येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेला. मूळ रिसिव्हर बंद पेटीच्या रूपाने विकत घेतला असता, तर काय बदलायचे हे ठरवायलाही पुन्हा विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागले असते. ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय शियापरेली यानाचा क्षीण संकेत खोडदला टिपला गेला, तोही याच नूतनीकरणाच्या काळात.

आता भूमिका उलटल्या आहेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राकडे होते. सोबत इथल्याच टाटांच्या संशोधन केंद्राचे आणि पर्सिस्टंट सिस्टिम्सचे लोक होते. भारत सरकारने या प्रकल्पातील सहभागासाठी 1250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. म्हणजे काम पुण्याने करून द्यायचे आणि ते वेळेत, मापात होते की नाही हे दुसऱ्याने तपासायचे. हा धडा इतरांनाही लागू आहे. सरकारी खाती निविदा काढताना सर्वांत कमी दराकडे पाहतात. काम तपासू शकेल असा एक तरी माणूस आपल्या पगारावर आहे का, हे त्यांनी त्याआधी पाहायला हवे.