युद्धांतली विद्या आणि शांततेंतला छंद

युद्ध संपलें म्हणजे तोफा तोफखान्यांत परत जातात, शिपाई आपापल्या गांवीं परततात; परंतु शिपायाच्या बोटांत व कानांत जी विद्या उतरलेली असते, ती मात्र सरकारजमा करतां येत नाहीं. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासांत या गोष्टीचें चांगलें प्रत्यंतर सांपडतें. दोन महायुद्धांनीं हजारों तरुणांस मोर्सच्या टिंब-रेघा नुसत्या कानानें वाचावयास शिकविलें. आणि त्यांपैकीं कित्येकांनीं गणवेष उतरविल्यावरहि कानांवरील श्रवणयंत्र उतरविलें नाहीं. हे जे हौशी बिनतारीवाले, ज्यांस 'हॅम' या नांवानें जगभर ओळखतात, त्यांच्या छंदाचें व सैन्याचें नातें कसें जुळलें, हें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

हें देणें-घेणें एकतर्फी नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. 1912 च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें हौशी मंडळींस 200 मीटर व त्याहून आंखूड लहरी तेवढ्या ठेवल्या. कारण लांबच्या संदेशास त्या निरुपयोगी, असा त्या वेळचा समज होता. 1917 सालीं अमेरिका युद्धांत उतरतांच हौशी केंद्रें बंद झालीं आणि त्यांचे अनेक चालक सैन्यांत गेले. बाळपणापासून बिनतारीचा नादी असलेला न्यूयॉर्कचा एडविन आर्मस्ट्राँग हा त्यांपैकींच एक. सैन्याच्या संदेश विभागांत अधिकारी म्हणून पॅरिसला असतां 1918 सालीं त्यानें 'सुपरहेटरोडाइन' ग्राहकयंत्राची रचना बसविली. येणाऱ्या लहरीची कंपनसंख्या आधीं एका ठराविक, खालच्या कंपनसंख्येंत पालटावयाची व मग ती वाढवावयाची, हें तिचें मर्म. युद्ध तर त्याच वर्षीं संपलें. परंतु ही रचना वायां गेली नाहीं. डिसेंबर 1921 मध्यें अमेरिकन हौशी संघानें पाठविलेल्या पॉल गॉडली यानें स्कॉटलंडांत आर्ड्रॉसन येथें समुद्रकांठीं तंबू ठोकला, आणि याच तत्त्वावरील यंत्रानें अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे आवाज टिपले. त्यांपैकीं कनेक्टिकट संस्थानांतील ग्रेनिच येथील केंद्र उभारणाऱ्यांत स्वतः आर्मस्ट्राँग होता! पुढें नोव्हेंबर 1923 मध्यें अमेरिकेचा फ्रेड श्नेल व फ्रान्सचा लेऑं देलॉय यांनीं 100 मीटरच्या आसपासच्या लहरीवर समुद्रापार परस्परांशीं संभाषण केलें. निरुपयोगी म्हणून टाकलेल्या लहरींचें मोल हौशी लोकांनीं असें सिद्ध केलें.

दुसऱ्या महायुद्धांत हाच क्रम अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. सप्टेंबर 1939 मध्यें ब्रिटनमधील आणि डिसेंबर 1941 मध्यें अमेरिकेंतील हौशी प्रक्षेपण बंद झालें. परंतु ब्रिटिश सरकारनें सुमारे 1,500 हौशी श्रोत्यांस गुप्तपणें कामास लाविलें. रात्र रात्र घरीं बसून जर्मन हेरखात्याचे क्षीण संदेश ऐकावयाचे, अर्थ न लागणारीं तीं अक्षरें जशींच्या तशीं उतरावयाचीं आणि वर धाडावयाचीं, हें त्यांचें काम. घरच्यांसहि त्याचा पत्ता नसे.

युद्ध संपल्यावर उरलेलीं यंत्रें बाजारांत स्वस्त विकावयास आलीं. रणगाड्यांतील 'नंबर 19' हा संच त्यांत फार लोकप्रिय झाला. त्याच्या मुख्य भागाचा पल्ला 2 ते 8 मेगासायकल. म्हणजे 80 व 40 मीटरचे हौशी पट्टे त्यांत आयतेच येत. कॅनडांत बनलेल्या कांहीं संचांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेंहि असत, कारण ते रशियन सैन्यासाठीं बनविलेले होते. मात्र रणगाड्यांतील बॅटरीवर चालणारा संच घरच्या विजेवर चालवावयाचा, तर त्यास नवा वीजपुरवठा जोडावा लागे. हें करतां करतां, सैन्यांत जो केवळ कळ दाबणारा होता, तो यंत्राचें अंतरंग जाणणारा झाला.

परंतु खरा पालट यंत्रांत नव्हे, बोलण्यांत झाला. सैन्यांतील संदेश दुसऱ्याचा, सांकेतिक लिपींत गुंतविलेला, नेमून दिलेल्या केंद्रासाठींच असतो. वाहकास बहुधा त्याचा अर्थहि ठाऊक नसतो. हौशी माणसावर नियमाचें बंधन याच्या अगदीं उलट! त्यानें उघड भाषेंतच बोललें पाहिजे, अर्थ लपविण्यासाठीं सांकेतिक लिपि वापरतां कामा नये, बोलण्याबद्दल पैसा घेतां कामा नये आणि आपलें संकेतनाम सांगितलें पाहिजे. त्याची 'सी क्यू' ही हांक ऐकेल त्या कोणासाठींहि असते. ज्या हातानें काल गुप्त आज्ञा पाठविल्या, तोच हात आज अनोळखी माणसास नांव, गांव व हवापाणी विचारतो. आमच्या मतें या छंदाचें सारें महत्त्व येथेंच आहे.

आपल्या देशांतहि हें नातें स्पष्ट दिसतें. 1921 सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तू यांस पहिला परवाना मिळाला. तथापि 1930 नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानेदार 50 हूनहि कमी, व तेहि बहुतेक सैन्यांतील इंग्रज अधिकारी. 1939 सालीं प्रक्षेपकयंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम सुटला. सरकारची भीति अगदींच निराधार नव्हती. 1942 च्या लढ्यांत मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचें प्रक्षेपकयंत्र नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञानेंच उभारलें होतें. परके राज्य ज्या विद्येला भ्यालें, तिला स्वतंत्र देशाच्या सैन्यानें मात्र आश्रय दिला. 1946 पासून परवाने पुनः मिळूं लागले आणि 15 मे 1948 रोजीं इंदूरजवळ महू येथील लष्करी संदेश विद्यालयांत भारतीय हौशी रेडिओ क्लबाची स्थापना झाली. 1954 सालीं दिल्लींत या क्लबास 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हें नांव मिळालें. पुढें कित्येक वर्षें येथील हौशी केंद्रें बव्हंशीं सैन्यांतून निघालेल्या जुन्या यंत्रांवरच चालत होतीं.

आज बोलण्याचीं साधनें घरोघर झालीं असतां या खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यास 1993 च्या लातूर भूकंपाचें स्मरण करून द्यावें. त्या आपत्तींत हौशी बिनतारीवाल्यांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. 2001 च्या गुजरातच्या भूकंपांतहि केलें. ज्यास आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग ठाऊक आहे आणि अनोळखी आवाजास उत्तर देण्याची ज्यास नित्याची संवय आहे, असा माणूस संकटसमयीं आयता निर्माण होत नाहीं. तो शांततेच्या काळांतच घडवावा लागतो. सैन्य त्यास कळ दाबावयास शिकवील. पण कोणाच्याहि हांकेस ओ देण्याची वृत्ति या छंदानेंच अंगीं बाणते.