बिब्ब्याच्या फुल्या

साल १९४५. निजामाचा मुलूख, बिदर जिल्हा. औराद तालुक्यातल्या एका माळवदाच्या घरात तुम्ही उभे आहात. येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, नुकतीच झाली. अंबिलीचं मडकं घासून पालथं घातलंय. चुलीपाशी धाकटी सून बसली आहे. तिच्या दंडावर काळी फुली, फुलीवर फोड.

"बघा माय, पुन्हा उठली," सासू म्हणते. कुणी जवळ गेलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे भानामतीच.

भानामती सहसा जीव घेत नाही, छळते. दोरीवरचं लुगडं पेटतं, माळवदावर दगड पडतात, पिठात राख निघते. ही सून मध्यरात्री भुंकतेही.

तुम्ही देवळीत पाहा. तिथे बिब्बा आहे. टाचांच्या भेगांना लावायला तो घरोघरी असतो, परीट त्यानेच कपड्यांवर खुणा करतो. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड लगेच येत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतो. तोवर बिब्बा धरणारा हात पीठ मळायला लागलेला असतो. चेटकाचं सगळं बळ या मधल्या वेळात आहे. हात कदाचित तिचा स्वतःचाच असेल. पहाटेच्या जात्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत या पोरीला कुणी 'बस' म्हटलेलं नाही. फुली उठली की म्हणतात.

हे तुम्ही सांगाल, पण ऐकायला कोण आहे? गाव मंत्र म्हणणारं तोंड शोधतंय. मांत्रिकाचं बोट शेजारच्या एकट्या विधवेकडे वळलंय. या मुलखात असा आळ आलेल्या माणसांचे दात पाडले गेले आहेत, मंत्राचा उच्चार बिघडावा म्हणून. चेटूक किरकोळ, पण आळ जन्माचा.

आता पुढे या. १९४८ला निजामशाही संपते. १९५६ला जिल्हा फुटतो: औराद, भालकी म्हैसूर राज्यात, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात. भानामती दोन्हीकडे राहते. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा होतो २०१३ला, कर्नाटकात २०१७ला.

या कायद्यांच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन बसत आले आहेत. घरातल्या एकेकाशी ते वेगळं बोलतात. करणारं माणूस सापडलं, तरी त्याचं नाव गावाला सांगत नाहीत. मला या कामातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सुनेला ते विचारतात, "तुला काय होतंय, बाळ?" आणि ती बोलेपर्यंत थांबतात.